काळ सोकावतो : अ‍ॅबिसिनियाची हकिगत



म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की हिटलर, पोलंड नि १९३९ हे साल आपोआप तोंडी येते. पण १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर जो काळ चालून गेला, तो काही एका रात्रीत धीट झाला नव्हता. त्याला आधी सोकावू दिले गेले होते. ते कोठे, कसे नि कोणी, हे आज आपण एका देशाच्या हकिगतीवरून पाहू. तो देश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. आपल्या इतिहासाला तो परका नाही. ज्यांना आपण हबशी म्हटले, ते मूळ तिकडचे. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हाही तिकडचाच.

शिक्षक मित्रांनी वर्गातला नकाशा भिंतीवर लावावा. मुंबईहून बोट पश्चिमेकडे सोडली की अरबी समुद्र ओलांडून ती आफ्रिकेच्या शिंगाशी लागते. त्या शिंगाच्या आत, उंच डोंगराळ पठारावर हा देश आहे. त्याच्या उत्तरेला एरिट्रिया नि आग्नेयेला सोमालीलँड, या दोन्ही ठिकाणी त्या काळी इटलीची वसाहत होती. इटलीतून तिकडे फौज न्यायची तर जवळची वाट एकच, सुएझचा कालवा. आणि त्या कालव्यावर पहारा इंग्रजांचा. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. एक पिढीच्या पिढी त्यात कापली गेली होती. पुन्हा असे होऊ नये म्हणून १९२० मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याची कचेरी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाला. कल्पना आपल्या गावकीसारखीच होती. एकाने दुसऱ्याचा बांध कोरला, तर तो सगळ्या गावाचा गुन्हेगार; त्याच्याशी कोणी देवघेव करायची नाही. अ‍ॅबिसिनिया १९२३ मध्ये या संघाचा सभासद झाला. इटलीही त्याच सभेत बसत होती. अमेरिका मात्र आत आलीच नाही.

या गावकीची पहिली मोठी परीक्षा १९३१ मध्ये झाली. जपानने चीनचा मांचुरिया प्रांत गिळला. संघाने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड लिटन हे पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते. अहवाल आला, ठराव झाला, जपानला दोष लागला. जपानने काय केले? १९३३ मध्ये संघाचा राजीनामा दिला आणि मांचुरिया ठेवून घेतला! पंचांनी निकाल दिला, पण शेत चोराकडेच राहिले.

हे सारे रोममध्ये बसून मुसोलिनी पाहत होता. १९२२ मध्ये तो इटलीचा पंतप्रधान झाला होता. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने विरोधी पक्ष मोडले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले. आता हुकूमशाहीचे एक दुखणे असते. लोकांना विचारायचे नाही, म्हटल्यावर त्यांना सतत काहीतरी दाखवावे लागते. १९२९ नंतरच्या मंदीत रोजगार दाखवता येईना, तेव्हा पराक्रम दाखवायचे ठरले. १८९६ मध्ये आडोवाच्या लढाईत अ‍ॅबिसिनियाच्या फौजेने इटलीचा दारुण पराभव केला होता. तो जुना सल होताच. डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल या वाळवंटातल्या पाणवठ्यावर दोन्ही बाजूंची चकमक झाली आणि मुसोलिनीला निमित्त मिळाले.

अ‍ॅबिसिनियाचा सम्राट हैले सेलासी राष्ट्रसंघाकडे न्याय मागायला गेला. संघाचा काथ्याकूट महिनोन्‌महिने चालला. इकडे इटलीची सैनिकांनी भरलेली जहाजे रीतसर जकात भरून सुएझच्या कालव्यातून जात होती. पावसाळा सरला आणि ३ ऑक्टोबर १९३५ रोजी, युद्ध न पुकारताच, इटलीच्या फौजेने एरिट्रियाच्या हद्दीवरची मारेब नदी ओलांडली.

या वेळी मात्र संघ हलला, हे मान्य केले पाहिजे. पन्नास राष्ट्रांनी इटलीला गुन्हेगार ठरवले आणि १८ नोव्हेंबरपासून व्यापारी बहिष्कार सुरू झाला. इटलीला शस्त्रे विकायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, तिचा माल घ्यायचा नाही. पण तिला काय काय विकायचे नाही ती यादी वाचली, तर हसावे की रडावे ते कळत नाही. रबर, कथील, निकेल यांना बंदी. घोडे, खेचरे, गाढवे, उंट यांनाही बंदी. आणि पेट्रोल? ते यादीत नव्हते! कोळसा नव्हता, पोलाद नव्हते. म्हणजे ज्याच्या फौजा मोटारींनी नि विमानांनी लढत होत्या, त्याला गाढव द्यायचे नाही, पण तेल हवे तेवढे न्या. कालवाही उघडाच राहिला.

असे का झाले? इंग्लंड नि फ्रान्सचे पुढारी अडाणी होते, असे नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. जर्मनीत १९३३ पासून हिटलर सत्तेवर होता. जुलै १९३४ मध्ये ऑस्ट्रियावर संकट आले, तेव्हा मुसोलिनीनेच सरहद्दीवर फौज उभी करून हिटलरला दटावले होते. हा गडी आपल्या बाजूने हवा, त्याला फार दुखवू नये, असे पॅरिस-लंडनला वाटे. तेल बंद केले तर तो आपल्यावरच उलटेल, ही भीती होती. शिवाय आपण नाही दिले तर अमेरिका देईल, ही सबब हाताशी होतीच. आणि मागच्या युद्धातल्या खंदकांची आठवण घराघरांत ताजी होती. पुन्हा मुले मरायला पाठवा, असे कोण म्हणणार? या साऱ्यात खोटे काही नव्हते. पण आणखी एक गोष्ट होती, ती आपण हिंदी लोक सहज ओळखू. ज्यांचे स्वतःचे साम्राज्य दुसऱ्यांच्या जमिनीवर उभे होते, त्यांना आफ्रिकेतल्या एका देशाचे स्वातंत्र्य म्हणजे सौद्यातली वस्तू वाटावी, यात नवल नाही.

आणि तसा सौदा झालाही. डिसेंबर १९३५ मध्ये इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी पॅरिसमध्ये बसून गुपचूप योजना आखली. अ‍ॅबिसिनियाचा मोठा मुलूख इटलीला द्यायचा, आणि बदल्यात अ‍ॅबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी वाट द्यायची. योजना वर्तमानपत्रांत फुटली. इंग्लंडमध्ये लोक एवढे संतापले की होर यांना राजीनामा द्यावा लागला. पण जगाला जे कळायचे ते कळले. पंच रात्री चोराच्या ओसरीवर बसतात, हे एकदा गावाला समजले की दिवसाच्या निकालाला कोण मानणार?

मग इटलीने विषारी वायू वापरला. तो वापरणार नाही, या १९२५ च्या करारावर तिची सही होती. अनवाणी लढणाऱ्या सैनिकांवर, गावांवर, पाणवठ्यांवर विमानांतून ते विष पडले. आणि ही लढाई चालू असतानाच, ७ मार्च १९३६ रोजी, हिटलरने ऱ्हाईनच्या मुलखात फौज घातली. तेथे सैन्य ठेवायचे नाही, असे तहाने ठरले होते. इंग्लंड नि फ्रान्स इटलीच्या प्रश्नावरून एकमेकांकडे संशयाने पाहत होते. कोणी हलले नाही.

५ मे १९३६ रोजी आदिस अबाबा पडले. ३० जूनला हैले सेलासी स्वतः जिनिव्हाच्या सभेपुढे उभा राहिला. इटलीच्या पत्रकारांनी शिट्या वाजवल्या. त्यांना बाहेर काढावे लागले. सम्राटाचे म्हणणे थोडक्यात असे होते : प्रश्न एकट्या माझ्या देशाचा नाही, लहान राष्ट्राला दिलेल्या वचनाला किंमत आहे की नाही, हा आहे. सभेने ऐकून घेतले. पंधरा दिवसांनी बहिष्कार उठला.

आता हिशेब मांडून बघा. मुसोलिनीला न दुखवता जवळ ठेवायचे होते ना? अर्ध्या बहिष्काराने तो दुखावला, पण थांबला नाही. १९३६ च्या ऑक्टोबरातच तो हिटलरच्या गोटात गेला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला, तेव्हा त्याने बोटही उचलले नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे ठरले. ज्याचे शेत, त्याला बैठकीला बोलावलेच नाही. रीत तीच, होर-लाव्हाल यांची. मार्च १९३९ मध्ये प्राग गेले, सप्टेंबरात पोलंड. आणि हिटलरच्या दुभाष्याने आठवणींत लिहून ठेवले आहे, की तेल तोडले असते तर मला आठवड्यात अ‍ॅबिसिनिया सोडावा लागला असता, अशी कबुली मुसोलिनीने हिटलरपाशी दिली होती.

हुकूमशहा नुसत्या आपल्या बळावर वाढत नाही. ‘हा बांध काही माझा नाही’ असे शेजारी म्हणतात, त्यावर तो वाढतो. लढाई टाळण्यासाठी बोलणी करावीत, शंभर वेळा करावीत. पण ज्या बोलणीत तिसऱ्याची जमीन देऊन आपली शांतता विकत घ्यायची असते, ती मुत्सद्देगिरी नव्हे. ते कर्ज काढून सण करणे आहे. कर्ज फेडावे लागते, आणि बरेचदा ज्याने काढलेच नाही त्याला.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. आपल्याला विचारले नाही. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या उभ्या डोंगरकड्यांवर, जेथून मुसोलिनीच्या फौजा निघाल्या होत्या त्याच मुलखात, मराठा पलटणीचे जवान चढत होते. ५ मे १९४१ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, हैले सेलासी आदिस अबाबाला परतला. युद्ध पुढे चालूच राहिले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, सोबतचे सारे पडल्यावर, नाईक यशवंत घाडगे एकटेच जर्मन मशीनगनवर धावून गेले. ती त्यांनी बंद पाडली आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. वय बावीस. जिनिव्हात पेट्रोलचा प्रश्न पुढे ढकलला गेला, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.