सिकलसेल व थॅलसेमियावरील उपचाराची किल्ली : ‘बीसीएल ११ ए’ जनुक

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड, आंबिवली, टिटवाळा ही स्थानके मागे टाकते, तशी दोन्ही अंगांची वस्ती बदलत जाते. शहाडला लागून उल्हासनगर आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले. टिटवाळ्याच्या पुढे शहापूर तालुका लागतो आणि त्यातील वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळ्यांचे पाडे. या दोन समाजांत साम्य थोडेच. पण रक्ताचे दोन आनुवंशिक विकार त्यांना एकाच प्रश्नापाशी आणून उभे करतात. सिंधी समाजात बीटा थॅलसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आढळतात, तर ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. या दोन्ही विकारांवरील उपचाराची वाट ‘बीसीएल ११ ए’ या एकाच, फारशा परिचित नसलेल्या जनुकातून जाते.

गर्भातील रक्त

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा साखळ्या असतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. थॅलसेमियात बीटा साखळी पुरेशी तयारच होत नाही. गंभीर रुग्णाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन मात्र निराळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. सिकलसेल असलेल्या बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने त्रास होत नाही, याचे कारण हेच, असा तर्क अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. जन्मानंतर गॅमा साखळीचे उत्पादन मंदावते व बीटाचे वाढते. हा बदल कोण घडवून आणते, हे कोडे पुढे साठ वर्षे सुटले नाही.

शोध कसा लागला?

‘बीसीएल ११ ए’ हे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याची पहिली ओळख झाली ती रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात. त्याचे नावही तेथूनच आले. २००७ व २००८ मध्ये युरोपातील लोकसमूहांच्या जनुकीय पाहणीत दिसून आले, की ज्यांच्या या जनुकात विशिष्ट फेरफार आहेत, त्यांच्या रक्तात मोठेपणीही गर्भातील हिमोग्लोबिन अधिक असते. २००८ मध्येच बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन व विजय शंकरन यांच्या गटाने दाखवून दिले, की या जनुकाचे प्रथिन गॅमा साखळीचे उत्पादन दाबून धरते. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांत हे जनुक बंद करताच आजाराची लक्षणे दूर झाली.

अडचण अशी होती, की हेच प्रथिन मेंदूच्या वाढीसाठी व रोगप्रतिकारक पेशींसाठीही आवश्यक असते. या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या मुलांची बौद्धिक वाढ खुंटते. त्यामुळे ते सरसकट बंद करणे शक्य नव्हते. २०१३ मध्ये याच जनुकात एक असा तुकडा सापडला, जो केवळ तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींतच त्याला चालना देतो. एवढाच तुकडा छेदला तर इतर अवयवांना धक्का लागत नाही.

उपचार आणि त्याची किंमत

या तत्त्वावर बेतलेला ‘कॅसजेव्ही’ हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केला. क्रिस्पर तंत्रावर आधारलेला हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार होय. रुग्णाच्याच मूलपेशी काढून त्या प्रयोगशाळेत संपादित केल्या जातात व केमोथेरपीनंतर त्याला परत दिल्या जातात. चाचणीतील सिकलसेलच्या ३० पैकी २९ रुग्णांना किमान सलग वर्षभर तीव्र वेदनांचा झटका आला नाही. थॅलसेमियाच्या ३५ पैकी ३२ रुग्णांना वर्षभर रक्त घ्यावे लागले नाही. मात्र अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये होती. शहापूरच्या पाड्यावरील कुटुंबाला हा आकडा कल्पनेपलीकडचा आहे.

दिल्लीतील सीएसआयआरच्या जीनोमिकी संस्थेने विकसित केलेले सिकलसेलवरील ‘बिरसा १०१’ हे स्वदेशी क्रिस्पर तंत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले, ते खर्च आटोक्यात आणण्याच्या हेतूनेच.

आज काय करता येईल?

गर्भातील हिमोग्लोबिनचे प्रमाण हे आजाराच्या तीव्रतेचे निदर्शक मानले जाते. भारतीय सिकलसेल रुग्णांत ते सामान्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक असते. तरीही विदर्भात गंभीर रुग्ण आढळतात. हे प्रमाण वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे जुने व स्वस्त औषध आजही बहुसंख्य रुग्णांचा आधार आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे विवाहापूर्वीची रक्ततपासणी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. एक जण सिकलसेलचा व दुसरा थॅलसेमियाचा वाहक असला, तरीही धोका असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सिकलसेलसाठी शिबिरांत होणारी विद्राव्यता चाचणी थॅलसेमिया ओळखत नाही आणि वाहक व रुग्ण यांत भेदही करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी ‘एचपीएलसी’ तपासणीच हवी. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रक्तविकार संस्था या विकारांच्या निदानाचे व संशोधनाचे काम अनेक वर्षे करीत आहे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. जनुक सापडले, उपचारही सापडला. आता प्रश्न उरतो तो कसारा लोकलच्या शेवटच्या थांब्यापर्यंत तो पोहोचवण्याचा. तोपर्यंत वाहकाची तपासणी हेच सर्वांच्या आवाक्यातील हत्यार आहे.