खड्याची डाळ

आमच्या गोराई-मनोरीच्या बाजूला जमिनीचा माणूस नि दर्याचा माणूस शेजारी शेजारी राहतो. आमचं पीक बुडालं तरी पायाखाली जमीन असते. खलाशाला तोही आधार नाही. बोटीवर शिजेल ते खायचं आणि साहेब म्हणेल ते ऐकायचं. भांडण झालं म्हणून उठून घरी जायची सोय नाही. त्यामुळं १९४६ च्या नाविकांच्या बंडाची गोष्ट सांगायची, तर मी आधी डाळीची सांगतो, झेंड्याची मागाहून.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रॉयल इंडियन नेव्ही अगदी लहान होती. लढाईत माणूस लागला, तशी गावोगावची पोरं भरती झाली. लढाई संपेस्तोवर त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. काम गोऱ्या खलाशाच्या बरोबरीचं, पण पगार कमी, राहण्याची आबाळ आणि वर शिव्या. ताटात खडे असलेली डाळ आणि कच्चा भात. लढाई संपली, आता घरी जाऊन खायचं काय, हाही घोर होताच.

कुलाब्याला 'तलवार' नावाची नेव्हीची सिग्नल शाळा होती. तिथल्या भिंतींवर 'भारत छोडो' लिहिल्याबद्दल बी. सी. दत्त या नाविकाला पकडलं होतं. कमांडर किंग शिवीगाळ करतो, ही तक्रारही वर गेली होती. तिची दाद लागली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला पोरांनी ताटं सारली. अन्न नाही तर काम नाही, एवढंच म्हणणं. पण शाळा सिग्नलची, बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात. बातमी बंदरातल्या बोटींवर गेली, कराचीला गेली, आमच्या उपनगरात वेसाव्याच्या 'मच्छलीमार' तळापर्यंत आली. सुमारे ७८ बोटी आणि २० तळ संपात उतरले.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. बोटींवरचं अन्न तोडायला निघाले, तेव्हा मुंबईची माणसं गेटवेला डबे नि फळं घेऊन धावली. हॉटेलवालेही मागं राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेवर माणसं मेली.

वल्लभभाई पटेलांनी शरण जायचा सल्ला दिला आणि २३ तारखेला बोटींवर काळे झेंडे चढले. सूड घेणार नाही असा शब्द मिळाला होता, पण शेकडो नाविकांना काढून टाकलं. स्वराज्य आलं तरी त्यांना नेव्हीत परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळायला कैक वर्षं गेली. कुलाब्यात आता स्मारक आहे.

काहीजण म्हणतात, हे पोटासाठीचं भांडण, त्याला स्वातंत्र्याची लढाई कशाला म्हणायचं? मी धान्य पिकवणारा माणूस. ज्याच्या ताटात मुद्दाम खडे येतात, त्याला आपली किंमत काय ते कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. वेसाव्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाल, तेव्हा त्या पोरांची आठवण काढा.