लोणारचा कातळ आणि जबड्याचें हाड

लोणारचें नांव निघालें कीं लवणासुराची कथा आठवते आणि त्याचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाचें देऊळ डोळ्यांपुढें येतें. सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें तें विवर ज्वालामुखीनें केलें कीं उल्केनें, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेर तळाला खोल भोंकें पाडून दगडाचे गाभे वर काढण्यांत आले. प्रचंड आघातानें काच बनलेलें खनिज त्यांत सांपडलें. १९७३ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पारडें उल्केकडे झुकलें.

कातळांत भोंक पाडणाराला वर येणारा गाभा जपावयाचा असतो. मागें राहिलेली भिंत तापली तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. दांत पडल्यावर धातूचें मूळ बसविण्यासाठीं जबड्याच्या हाडांत जें छिद्र पाडतात, तेथें नेमकें याच्या उलट आहे. तेथें भिंत हेंच सर्वस्व, कारण ती जिवंत असते.

दांत कोरण्याची कला फार जुनी. बलुचिस्तानांतील मेहरगड येथें ७५०० ते ९००० वर्षांपूर्वींच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकानें पाडलेलीं छिद्रें सांपडलीं आहेत. पण दाढेचें कवच निर्जीव. हाडाची गोष्ट निराळी. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील ब्रेनमार्क यांनीं सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहण्यासाठीं टिटॅनियमची नळी बसविली. पुढें ती काढूं गेले, तों हाड तिला सोडीना! यांतूनच १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत टिटॅनियमचीं मुळें बसविण्यांत आलीं.

तथापि हाडानें धातूला धरावें, तर तें जिवंत राहिलें पाहिजे. १९८३ सालीं एरिकसन व आल्ब्रेक्टसन यांनीं सशावरील प्रयोगांतून दाखविलें कीं, ४७ अंश उष्णता एक मिनिटभर टिकली तरी हाडाची हानि होते. आपल्या अंगच्या उष्णतेहून ही केवळ दहा अंशांनीं अधिक. बोथट गिरमिट, सतत दाब आणि पाण्याचा अभाव असला, तर ही मर्यादा ओलांडावयास वेळ लागत नाहीं. मग पेशी मरतात, धातू व हाड यांच्यामध्यें मऊ तंतूंचा थर येतो आणि मूळ डुलूं लागतें.

म्हणून कुशल दंतवैद्य प्रथम बारीक, मग क्रमाक्रमानें जाड गिरमिट वापरतो. तें मधून मधून वर उचलतो आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार चालूं ठेवतो. खालच्या जबड्याचा पुढील भाग घट्ट; तो लवकर तापतो. वरच्या जबड्याचा मागील भाग पोकळ. तेथें छिद्र किंचित् अरुंद ठेवतात, म्हणजे मूळ घट्ट बसतें. पण फार अरुंद केल्यास दाबानें हाड झिजतें.

तेव्हां खुर्चीवर बसल्यावर वैद्य मधून मधून थांबूं लागला, तर आपण त्रागा करूं नये. ज्या हाडाच्या आधारावर पुढें अनेक वर्षें घांस चावावयाचा, त्याला तो विसांवा देत असतो.