भूगोल-संशोधकांची मंडळी आणि नाशिकची मुले

अज्ञात प्रदेशांच्या शोधाचा इतिहास बहुधा एकेका धाडसी प्रवाशाच्या नावाने सांगितला जातो. परंतु त्या प्रवाशामागे एखादी संस्था उभी असते. लंडन येथे १८३० साली स्थापन झालेली, पुढे 'रॉयल' म्हणून ओळखली गेलेली जिऑग्राफिकल सोसायटी ही अशी अग्रगण्य संस्था होय. शोधमोहिमांस द्रव्य व उपकरणे पुरविणे, प्रवासवृत्ते प्रसिद्ध करणे आणि यशस्वी प्रवाशांस सुवर्णपदके देणे, हे तिचे कार्य. तिच्या पाठोपाठ मुंबईतही भौगोलिक सोसायटी निघाली. तांबडा समुद्र, इराणचे आखात व आफ्रिकेचा किनारा यांविषयीची माहिती तिने संकलित केली. १८७३ मध्ये ती एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली.

त्याच वर्षी आफ्रिकेत जे घडले, त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी शाळा चालविली होती. १८६६ च्या आरंभी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईहून आफ्रिकेस निघाले, तेव्हा या शाळेतील नऊ तरुण त्यांच्याबरोबर गेले. १८७२ मध्ये गेलेल्या कुमकेत शरणपूरचाच जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. सुसी, चुमा, वेनराइट आदी सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच पुरले. वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. वाटेत सोसायटीनेच पाठविलेल्या मोहिमेचा प्रमुख कॅमेरॉन भेटला. देह येथेच पुरावा, असे त्याने सुचविले. सोबत्यांनी ते मानले नाही. देह, रोजनिश्या व कागदपत्रे घेऊन दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यास लागले. त्या रोजनिश्या वाचल्या म्हणूनच लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासाचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ शकला.

सोसायटीने पुढे साठ सोबत्यांसाठी पदके पाडविली. पण तोवर बहुतेक जण पांगले होते. शोध लावणाऱ्याचे नाव नकाशावर राहिले, शोधाचे कागद वाचविणारे मात्र तळटीपेत गेले. लिखित ठेवा जपणे हेच ज्याचे व्रत, त्या ग्रंथालयाने तरी या ओझेकऱ्यांचे ऋण विसरू नये.