कुठले शिंदे?

दोन वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो. घर पसंत पडलं, डिपॉझिट ठरलं, चहा आला. मग घरमालक काकांनी विचारलं, "शिंदे म्हणजे कुठले शिंदे?" मी गावाचं नाव सांगितलं. "तसं नाही हो," काका हसले, "म्हणजे आपले कुठले?"

प्रश्न गावाचा नसतो, हे प्रत्येक शिंदेला ठाऊक असतं. काही आडनावांवरून जात लगेच कळते, निदान विचारणाऱ्याला तसं वाटतं. शिंदे ऐकून त्याचं समाधान होत नाही. शिंदे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, ढोर समाजात आहेत, आणखी कितीतरी जातींत आहेत.

मग कुठले शिंदे सांगू?

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे? राणोजी शिंदे तिथले. त्यांचा मुलगा महादजी 1761 साली पानिपतावरून जखमी होऊन परतला आणि जन्मभर लंगडत चालला. त्याच महादजीने दहाच वर्षांत दिल्ली गाठून बादशहा शाह आलमला गादीवर बसवण्यात पुढाकार घेतला. 1794 साली पुण्यात वानवडीला तो वारला. तिथली छत्री त्याचीच. इंग्रजीतून फिरून आलेलं 'सिंदिया' म्हणजे आपलं शिंदेच.

की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला. वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर तुटून पडली. तेव्हा ताराबाईंनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा रोखठोक सवाल. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा लोकांसमोर आणलं.

की जमखंडीचे विठ्ठल रामजी? ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतलेल्या या माणसाने 1906 साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं आणि 1933 साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' लिहिलं. जन्माने मराठा. पण 1920 च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा सोडून ते पुण्यातून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले, आणि पडले. 'आपले कुठले?' या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर महागात पडलं, पण दिलं.

की गायक प्रल्हाद शिंदे? आषाढीला विठ्ठलाची गाणी आणि 14 एप्रिलला भीमगीतं, दोन्हीकडच्या स्पीकरवर एकच आवाज. की सोलापूरचे सुशीलकुमार, फौजदारकी करून पुढे 2003 साली मुख्यमंत्री झालेले?

डेटाबेस शिकताना पहिल्यांदा सांगतात, आडनावाला प्रायमरी की करू नका, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. समाजाने हा धडा अजून घेतलेला नाही. काकांना मी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, घर नातेवाइकाला द्यायचं ठरलंय.

राग आला. पण खरं सांगायचं तर, टीममध्ये कुणी नवीन आलं की त्याचं आडनाव ऐकून माझ्याही डोक्यात आधी तोच प्रश्न येतो. मी तो तोंडाने विचारत नाही, एवढाच काय तो फरक.