'पेशवा' शब्दाचें मराठीपण

मी सातारा जिल्ह्यांतील एका शाळेंत शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें निबंधांत 'पेशवानें' असें लिहिलें. मी तें खोडून 'पेशव्यानें' केलें. त्यानें विचारलें, "गुरुजी, 'राजानें' बरोबर, मग 'पेशवानें' चूक कां? शब्द तर परका आहे!" त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों.

'पेशवा' हा मूळचा फारशी शब्द. अर्थ पुढारी, अग्रणी. फारशींत नामास लिंग नाहीं आणि या शब्दाचें अनेकवचन 'पेशवायान' असें होतें. मराठीनें शब्द घेतला, त्याचें व्याकरण घेतलें नाहीं. त्यास पुल्लिंगी ठरवून तिनें 'घोडा' शब्दाच्या पंक्तीस बसविलें: पेशवा, पेशव्यास, पेशव्यानें, पेशव्याचा. 'पेशवे आले' असें आदरार्थी बहुवचनही दिलें. उलट आपला 'राजा' मात्र काका-मामांप्रमाणें 'राजास', 'राजानें' असा न बदलतां राहिला.

हा शब्द टाळण्याचा यत्न झालाच नाहीं असें नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला व फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पुढें १७१३ सालीं शाहूमहाराजांनीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिलें. पेशव्यांच्या मुद्रांवर 'मुख्यप्रधान' असेंच कोरलेलें असे. पण लोकांच्या तोंडीं 'पेशवे' हाच शब्द टिकला.

१८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धनांनीं सांगलीस राजधानी केली. पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार. 'पेशव्यांचे सरदार' यांतील दोन्ही नामें फारशी आहेत. तरी हे शब्द ऐकून इराणी मनुष्य बुचकळ्यांत पडेल आणि सांगलीच्या बाजारांतला अडाणी मनुष्यही ते समजेल. दूर आयर्लंडांतही ग्रंथवाचक लॅटिन 'लिबेर' शब्द आयरिश लोकांनीं असाच आपल्या विभक्तींत रुळविला.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली, शब्द राहिला. म्हणून त्या विद्यार्थ्यास आज मी सांगेन: बाळ, शब्द कोठून आला हें कोश सांगतो, तो कोणाचा झाला हें विभक्ति सांगते. भाषाशुद्धीसाठीं एखादा शब्द टाकण्यापूर्वीं आपण त्याचीं रूपें एकदां चालवून पाहावीं. मराठींत तीं सहज चाललीं, तर तो शब्द परका म्हणून टाकण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.