ब्रेक सुटल्यावरच मीटर

३१ मार्च २०२५. एअर कॅनडा आणि तिच्या १०,००० हून अधिक फ्लाइट अटेंडंट यांच्यातला दहा वर्षांचा करार संपला. पगारवाढीचा वाद होताच. पण कर्मचाऱ्यांच्या मनात सलत होता तो दुसराच मुद्दा: पगाराचा तास नेमका कधी सुरू होतो? विमान जागचं हललं की.

त्याआधीचं काम तेव्हा फुकट होतं. विमानाचं दार उघडं असतं. ऑक्सिजनच्या बाटल्या आणि अग्निशामक तपासून झालेले असतात. रांगेतून एक आजोबा येतात, त्यांची बॅग उचलून वरच्या कप्प्यात बसवायची. कडेवरच्या बाळासाठी वेगळा पट्टा आणून द्यायचा. कोणाला घाम फुटला असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. विमानाला उशीर झाला तर हे काम लांबायचं, मोबदला नाही.

इशारे कमी नव्हते. शेजारच्या अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने २०२२ मध्येच बोर्डिंगच्या वेळेचा अर्धा पगार द्यायला सुरुवात केली होती.

५ ऑगस्ट. संपाच्या मतदानाचा निकाल लागला: ९९.७ टक्के बाजूने. हा आकडा धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून वाचायला हवा होता.

बुधवार, १३ ऑगस्ट, रात्री १२:५८, टोरंटो. फ्लाइट अटेंडंटच्या 'क्युपी' या युनियनने कायद्याप्रमाणे ७२ तासांची नोटीस दिली. कंपनीचीही नोटीस निघाली: शनिवारी रात्री १:३० पासून टाळेबंदी. कंपनी म्हणत होती, चार वर्षांत एकूण मोबदल्यात ३८ टक्के वाढ देतो, जमिनीवरच्या कामाला अर्धा दर देतो. युनियनला पूर्ण दर हवा होता. उरलेल्या अर्ध्यावर गाडी अडली.

गुरुवार, १४ ऑगस्ट. पहिली उड्डाणं रद्द. कंपनीच्या अधिकाऱ्यांची पत्रकार परिषद सुरू झाली आणि फलक घेऊन आलेल्या कर्मचाऱ्यांमुळे अर्ध्यावर गुंडाळावी लागली. दोन्ही बाजू एकाच खोलीत होत्या. बोलणी मात्र झाली नाहीत.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. कंपनीने सरकारकडे सक्तीच्या लवादाची मागणी केलेली होती. युनियनने ती धुडकावली. माझ्या मते कंपनीची ही मागणीच खरी चूक होती: सरकार मध्ये पडणारच असेल तर टेबलावर एक पाऊल मागे कोण घेणार?

रात्री ८:००. ६२३ उड्डाणं रद्द, एक लाखाहून अधिक प्रवासी अडकले. एरवी रोज सुमारे ७०० उड्डाणं आणि १,३०,००० प्रवासी.

शनिवार, १६ ऑगस्ट, रात्री १२:५८. संप.

१:३०. टाळेबंदी.

बारा तासांच्या आत रोजगारमंत्री पॅटी हाजदू यांनी कामगार संहितेचं कलम १०७ लावलं: कामावर परता, लवादाकडे जा. रविवारी दुपारी २:०० ची मुदत उलटली. कोणी परतलं नाही. सोमवारी संप बेकायदा ठरला, तरीही नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट, पहाट. मध्यस्थ विल्यम कॅप्लन यांच्यासमोर तात्पुरता करार झाला. लहान विमानांवर ६० मिनिटं, मोठ्यांवर ७० मिनिटं जमिनीवरचं काम पगारात धरलं जाणार होतं. पहिल्या वर्षी दर अर्धाच.